'फायटिंग सू' ते 'फायटिंग हॉक्स' : नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा क्रीडाविभाग आणि संघनामाचा वाद

प्रस्तावना

अमेरिकेतील विद्यापीठीय जीवनात आंतरमहाविद्यालयीन खेळांना जे स्थान आहे, त्याची कल्पना भारतीय वाचकाला सहजासहजी येत नाही. तेथे विद्यापीठाचा संघ हा केवळ विद्यार्थ्यांचा संघ नसतो. तो गावाचा, जिल्ह्याचा, क्वचित संपूर्ण राज्याचा संघ असतो. संघाला स्वतःचे रंग असतात, गीत असते, बोधचिन्ह असते आणि मुख्य म्हणजे एक टोपणनाव असते. पदवी घेऊन चाळीस वर्षे झालेला माजी विद्यार्थी आपल्या विभागप्रमुखाचे नाव विसरतो, पण संघाचे टोपणनाव विसरत नाही. अशी नावे बहुधा प्राण्यांची, पक्ष्यांची किंवा त्या प्रदेशातील व्यवसायांची असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र अनेक संस्थांनी अमेरिकेतील मूलनिवासी जमातींची नावे व प्रतिमा आपल्या संघांसाठी घेतल्या. त्या नावांपैकी सर्वाधिक काळ, सर्वाधिक खर्च आणि सर्वाधिक कटुता ज्या नावावरून झाली, ते म्हणजे नॉर्थ डकोटा विद्यापीठाचे 'फायटिंग सू' हे नाव होय.

या नावाच्या सुमारे आठ दशकांच्या इतिहासाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हे नाव सन्मानार्थ धारण केले आहे, असे विद्यापीठाचे समर्थक अखेरपर्यंत सांगत राहिले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ज्याचा सन्मान करावयाचा त्याची संमती घ्यावी लागते काय, आणि एका संपूर्ण लोकसमूहाच्या वतीने ती संमती देण्याचा अधिकार कोणाचा, या दोन प्रश्नांना १९३० मध्ये कोणी स्पर्शही केला नव्हता. पुढील सर्व संघर्ष या न विचारलेल्या प्रश्नांमधून उद्भवला.

खारीपासून योद्ध्यापर्यंत

नॉर्थ डकोटा विद्यापीठाची स्थापना १८८३ मध्ये ग्रँड फोर्क्स येथे झाली. त्या वेळी नॉर्थ डकोटा हे राज्य अस्तित्वातही नव्हते. डकोटा टेरिटरी या केंद्रशासित प्रदेशाचे दोन भाग होऊन त्यांना राज्याचा दर्जा १८८९ मध्ये मिळाला. रेड नदीच्या काठचा हा सपाट, सुपीक व अतिशय थंड प्रदेश. येथील संघांना प्रारंभी 'फ्लिकरटेल' म्हटले जात असे. फ्लिकरटेल म्हणजे गवताळ माळावर बिळे करून राहणारी, शेपटी सतत झटकणारी एक लहानशी खार होय. राज्याच्या लोकप्रिय उपनामांतही या खारीला स्थान आहे.

विद्यापीठाचा मोठा प्रतिस्पर्धी सुमारे सव्वाशे किलोमीटर दक्षिणेस, फार्गो येथे होता. तेथील कृषी महाविद्यालयाने, म्हणजे आजच्या नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाने, 'बायसन' हे नाव घेतले होते. बायसन म्हणजे अमेरिकेच्या माळरानावरचा धिप्पाड गवा. गव्यासमोर खार उभी करणे विद्यार्थ्यांना कमीपणाचे वाटू लागले, यात नवल नाही. १९३० मध्ये 'डकोटा स्टुडंट' या विद्यार्थी वृत्तपत्रातून नाव बदलण्याची मोहीम चालली आणि 'सू' हे नाव स्वीकारले गेले. त्या वेळी पुढे केलेली कारणे लक्षात घेण्यासारखी आहेत. सू लोक गव्यांचा संहार करण्यात निष्णात होते; ते लढाऊ व उत्तम शरीरयष्टीचे होते; आणि हा शब्द घोषणांत यमकासाठी सोयीचा होता. सन्मानाचा मुद्दा या यादीत नाही. तो पुढे, विरोध सुरू झाल्यानंतर, प्रकर्षाने मांडला गेला.

'फायटिंग' हे विशेषण नंतरच्या काळात जोडले गेले. दोन्ही संस्थांमधील फुटबॉल सामन्याच्या विजेत्याला १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून जो चषक दिला जाऊ लागला, तो पाच सेंटच्या जुन्या नाण्याची सुमारे ७५ पौंड वजनाची प्रतिकृती होता. त्या नाण्याच्या एका बाजूस मूलनिवासी पुरुषाचे शिर आणि दुसऱ्या बाजूस गवा होता. ज्या माळरानावरून मूळ रहिवासी आणि गवे या दोघांनाही हुसकावण्यात आले, त्याच माळरानावर त्या दोघांची चित्रे खेळासाठी समोरासमोर उभी राहिली. हा योगायोग त्या काळी कोणाला खटकल्याचे दिसत नाही.

नाव कोणाचे?

या ठिकाणी 'सू' या शब्दाविषयी थोडे विवेचन आवश्यक आहे. हा शब्द त्या लोकांनी स्वतःला दिलेला नाही. पूर्वेकडील ओजिब्वे लोक आपल्या या शेजाऱ्यांना ज्या नावाने ओळखत, त्याचे फ्रेंच व्यापाऱ्यांनी 'नादुएस्यू' असे रूप केले आणि त्या रूपाचा केवळ शेवटचा तुकडा इंग्रजीत उरला. मूळ शब्दाचा अर्थ 'लहान सर्प' असा दीर्घकाळ सांगितला गेला. अलीकडचे भाषाभ्यासक त्याविषयी एकमत नाहीत. एवढे खरे की हे नाव परक्यांनी ठेवलेले, आणि तेही अर्धवट. ते लोक स्वतःला बोलीभेदानुसार डकोटा, लकोटा वा नकोटा म्हणवतात आणि त्याचा अर्थ 'मित्र' अथवा 'सहकारी' असा होतो. म्हणजे राज्याला त्यांचे स्वतःचे, मैत्रीचे नाव मिळाले आणि संघाला मात्र परक्यांनी दिलेले. त्यापुढे 'फायटिंग' हे विशेषण लागले, तेव्हा विसंगती पूर्ण झाली.

कालक्रमही ध्यानात घ्यावा लागतो. मिनेसोटात १८६२ मध्ये डकोटा युद्ध झाले. त्या वर्षीच्या २६ डिसेंबरला मॅनकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. त्या युद्धानंतर पश्चिमेकडे लोटल्या गेलेल्या लोकांपैकी काहींसाठी १८६७ च्या तहाने स्पिरिट लेक हा राखीव प्रदेश ठरवला गेला. विद्यापीठाची स्थापना त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी झाली. दक्षिणेकडील स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशात सिटिंग बुल हा लकोटा नेता १५ डिसेंबर १८९० रोजी मारला गेला आणि दोनच आठवड्यांनी वुंडेड नी येथे शेकडो लकोटांची हत्या झाली. त्या वेळी ग्रँड फोर्क्समध्ये वर्ग सुरू होऊन सहा वर्षे झाली होती. १९३० मध्ये ज्यांना 'लढाऊ' म्हणून गौरवले गेले, त्यांच्यातील वृद्धांना हे प्रसंग प्रत्यक्ष आठवत असणार. त्यांच्याच मुलांना निवासी शाळांमध्ये मातृभाषा बोलण्यास मनाई होती. पराभूताचे शौर्य गाणे विजेत्याला नेहमीच सोपे जाते.

बर्फावरील वैभव

क्रीडाविभागाचा विस्तार समजून घेतल्याखेरीज नावाविषयीची आसक्ती समजणार नाही. बास्केटबॉलमध्ये येथे १९६० च्या दशकात बिल फिच यांच्या मार्गदर्शनाखाली फिल जॅक्सन खेळले. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमधील अत्यंत यशस्वी प्रशिक्षक म्हणून त्यांची ख्याती झाली. फुटबॉल संघाने २००१ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. परंतु विद्यापीठाची खरी ओळख आइस हॉकीने घडवली. दुसऱ्या महायुद्धानंतर नियमित सुरू झालेल्या या संघाने १९५९, १९६३, १९८०, १९८२, १९८७, १९९७ आणि २००० अशी सात राष्ट्रीय विजेतेपदे पटकावली. संपूर्ण राज्याची लोकसंख्या त्या काळी साडेसहा लाखांच्या आसपास. एवढ्या लहान राज्यातील विद्यापीठ मिशिगन, मिनेसोटा यांसारख्या प्रचंड विद्यापीठांना बर्फावर नमवते, याचा अभिमान राज्यभर पसरलेला होता. त्या प्रत्येक विजयाच्या वेळी संघ 'सू' या नावाने ओळखला जात होता. नाव आणि यश यांची अशी घट्ट वीण बसल्यावर नावावरील टीका ही आपल्यावरील टीका वाटणे स्वाभाविक होते.

बोधचिन्हाचा प्रवास मात्र इतका सरळ नव्हता. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून विद्यापीठाने शिकागो ब्लॅकहॉक्स या व्यावसायिक हॉकी संघाच्या चिन्हासारखे शिरोचित्र वापरले. ब्लॅक हॉक हा सॉक जमातीचा नेता होता. सू लोकांशी त्याचा काही संबंध नव्हता. एका जमातीच्या सन्मानासाठी दुसऱ्याच जमातीच्या नेत्याच्या नावावरून निघालेले चित्र पंचवीस वर्षे मिरवले गेले आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही, हे त्या सन्मानाच्या खोलीचे एक माप म्हणता येईल. १९९३ मध्ये ते चिन्ह बंद झाले. १९९९ मध्ये याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि ओजिब्वे वंशाचे चित्रकार बेनेट ब्रायन यांनी रेखाटलेले नवे शिरोचित्र स्वीकारण्यात आले. चित्र म्हणून ते निःसंशय देखणे होते. मूलनिवासी कलावंताचे म्हणून समर्थकांना त्याचे विशेष मोल वाटले.

विरोधाचा प्रारंभ

१९६० व १९७० च्या दशकांतील नागरी हक्कांच्या चळवळींनी मूलनिवासी तरुणांनाही वाणी दिली. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९७२ मध्ये 'इंडियन्स' हे नाव सोडले. डार्टमथ महाविद्यालयानेही १९७४ मध्ये तोच मार्ग धरला. ग्रँड फोर्क्स येथे त्याच सुमारास, १९७२ मध्ये, हिवाळी उत्सवातील एका अश्लील व मूलनिवासींची टवाळी करणाऱ्या बर्फशिल्पावरून तणाव निर्माण झाला. १९९२ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यानिमित्त निघालेल्या मिरवणुकीत पारंपरिक वेशातील मूलनिवासी मुलांची प्रेक्षकांतील काहींनी हेटाळणी केली. या प्रसंगानंतर नाव बदलण्याची मागणी जोर धरू लागली. तत्कालीन अध्यक्ष केंडल बेकर यांनी १९९३ मध्ये नाव राखण्याचा, पण चिन्ह बदलण्याचा निर्णय दिला.

येथे एका गोष्टीची नोंद न केल्यास विद्यापीठावर अन्याय होईल. मूलनिवासी विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणाकडे वळवणारा 'इंडियन्स इंटू मेडिसिन' हा उपक्रम याच विद्यापीठाने १९७३ मध्ये सुरू केला आणि त्यातून अनेक मूलनिवासी डॉक्टर तयार झाले. मूलनिवासींच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभागही येथे होता. अशा उपक्रमांमुळे मूलनिवासी विद्यार्थी मोठ्या संख्येने आले, आणि नावाला विरोध करणाऱ्यांत त्यांच्यापैकीच अनेक जण अग्रभागी होते. विद्यापीठाच्या चांगल्या कामानेच विद्यापीठाला प्रश्न विचारणारी पिढी घडवली. प्रतिस्पर्धी संघांचे प्रेक्षक सामन्यांत 'सू'विरोधी ज्या घोषणा देत, त्यांतील अनेक अत्यंत असभ्य असत. त्या घोषणा संघाला उद्देशून असल्या, तरी प्रेक्षागारात बसलेल्या डकोटा विद्यार्थिनीच्या कानावर तिच्या लोकांचेच नाव पडत असे. नाव धारण करणारी संस्था कितीही सभ्य राहिली, तरी त्या नावाचे प्रतिस्पर्धी काय करतील यावर तिचे नियंत्रण नसते. समर्थकांच्या युक्तिवादात या मुद्द्याला उत्तर नव्हते.

देणगी आणि निर्णय

या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण १९९८ ते २००१ या काळातील आहे आणि अध्यापकवर्गाने ते विशेष लक्षपूर्वक पाहावे असे आहे. एप्रिल १९९७ मध्ये रेड नदीच्या महापुराने ग्रँड फोर्क्स शहर उद्ध्वस्त केले होते. शहर सावरत असतानाच, १९९८ च्या अखेरीस, राल्फ एंगलस्टॅड यांनी विद्यापीठाला १० कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. एंगलस्टॅड हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठाच्या हॉकी संघाचे गोलरक्षक होते. पुढे लास व्हेगास येथे 'इम्पीरियल पॅलेस' या कॅसिनोचे मालक झाले. त्यांच्या नावाभोवती एक वादही होता. त्यांच्या कॅसिनोत १९८० च्या दशकात हिटलरच्या वाढदिवसानिमित्त मेजवान्या झाल्याचे उघड झाले आणि त्यावरून नेवाडा राज्याच्या जुगार नियंत्रण आयोगाने १९८९ मध्ये त्यांना १५ लाख डॉलर दंड केला. देणगीतून भव्य हॉकी क्रीडागार उभारण्याचे ठरले.

नवे अध्यक्ष चार्ल्स कपचेला यांनी २००० मध्ये नावाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. आयोगाने दोन्ही बाजू ऐकल्या. अंतिम निर्णय अध्यक्षांनी द्यावयाचा होता. तेवढ्यात, डिसेंबर २००० मध्ये, एंगलस्टॅड यांचे पत्र आले. नाव व चिन्ह कायम राहणार नसेल तर आपण अर्धवट उभे असलेले बांधकाम तेथेच सोडू, झालेला खर्च बुडीत धरू आणि उष्णतेची यंत्रणाही बंद करू, असा त्याचा आशय होता. नॉर्थ डकोटाच्या हिवाळ्यात उष्णता बंद करणे म्हणजे इमारतीचा नाश करणे, हे तेथील प्रत्येकाला समजत होते. दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबर २००० रोजी, राज्य उच्च शिक्षण मंडळाने निर्णयाचा अधिकार अध्यक्षांकडून स्वतःकडे घेतला आणि ८ विरुद्ध ० मतांनी नाव कायम केले.

या घटनाक्रमाचा अर्थ लावण्यास फारशा पुराव्याची गरज नाही. मंडळाच्या सदस्यांना नावाविषयी मनापासून आस्था असेलही. परंतु आयोग, सुनावण्या आणि विचारविनिमय यांची वर्षभराची प्रक्रिया एका पत्रापुढे चोवीस तासांत निरर्थक ठरली, ही वस्तुस्थिती उरते. विद्यापीठाच्या स्वायत्ततेवर राजसत्तेचे आक्रमण झाले की अध्यापक जागे होतात. दात्याचे आक्रमण कृतज्ञतेच्या वेषात येते, म्हणून ते ओळखण्यास वेळ लागतो.

क्रीडागार ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू झाले. सुमारे साडेअकरा हजार आसने, चामड्याच्या गाद्या, ग्रॅनाइटची फरशी असे त्याचे वैभव होते. आणि सर्वत्र तेच शिरोचित्र होते : प्रवेशदालनाच्या फरशीत, आसनांच्या कडांवर, काचांवर. अशा चिन्हांची संख्या हजारोंच्या घरात होती. पुढे कोणी नाव बदलू पाहील तर ते जास्तीत जास्त खर्चिक व्हावे, अशीच ही रचना होती, असे टीकाकारांचे म्हणणे होते. एंगलस्टॅड नोव्हेंबर २००२ मध्ये निवर्तले.

संमतीची अट

मंडळाने दार लावले खरे, पण प्रश्न राज्याच्या सीमेबाहेर गेला होता. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने मूलनिवासी नसलेल्या शिक्षणसंस्थांनी अशी नावे व प्रतिमा सोडाव्यात असे आवाहन केले. २००५ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनेही तसाच ठराव केला. अशा प्रतिमा पाहिल्यानंतर मूलनिवासी विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान घटतो, असे स्टेफनी फ्रायबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसून आले. विशेष म्हणजे शूर, देखण्या प्रतिमांच्या बाबतीतही हा परिणाम आढळला.

निर्णायक पाऊल मात्र क्रीडाक्षेत्रातूनच पडले. आंतरमहाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशनने, म्हणजेच एनसीएएने, ऑगस्ट २००५ मध्ये १८ संस्थांची यादी जाहीर केली. या संस्थांची नावे वा चिन्हे 'वैरभाव वा अवमान' दर्शवणारी आहेत, असे ठरवून फेब्रुवारी २००६ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत त्यांच्या वापरास बंदी घालण्यात आली. अशा संस्थांना त्या स्पर्धांचे यजमानपदही मिळणार नव्हते. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला मात्र लगेच सूट मिळाली, कारण फ्लोरिडातील सेमिनोल जमातीच्या परिषदेने विद्यापीठाच्या बाजूने स्पष्ट पाठिंबा दिला. युटा आणि सेंट्रल मिशिगन या विद्यापीठांनाही संबंधित जमातींच्या पाठिंब्यामुळे सूट मिळाली. या तीन अपवादांनी १९३० मध्ये न विचारलेला प्रश्न प्रथमच नियमाच्या भाषेत मांडला. नाव चांगले की वाईट, हा वाद बाजूला पडून संमती आहे की नाही, हा निकष ठरला.

नॉर्थ डकोटा विद्यापीठाचे अपील फेटाळले गेले. ऑक्टोबर २००६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता वेन स्टेनजेम यांच्यामार्फत एनसीएएविरुद्ध दावा दाखल झाला आणि ऑक्टोबर २००७ मध्ये तडजोड झाली. विद्यापीठाने ३० नोव्हेंबर २०१० पर्यंत स्पिरिट लेक आणि स्टँडिंग रॉक या दोन्ही जमातींची मान्यता मिळवावी, अन्यथा नाव सोडावे, असे तडजोडीत ठरले.

आणि येथेच संमती या शब्दातील गुंतागुंत उघड झाली. स्पिरिट लेक येथे एप्रिल २००९ मध्ये मतदान झाले आणि सुमारे ६७ टक्के मते नावाच्या बाजूने पडली. मूलनिवासी समाज एकमुखाने नावाच्या विरोधात होता, हा समज या आकड्याने खोटा ठरवला. नावाचे अनेक समर्थक संघाचे चाहते होते, काहींना त्या नावामुळे आपल्या लोकांची आठवण तरी राहते असे वाटत होते. स्टँडिंग रॉकच्या परिषदेने मात्र अनेक वर्षे विरोधाची भूमिका घेतली होती आणि मतदान घेण्यास तिने नकार दिला. सुमारे एक हजार स्वाक्षऱ्यांचा अर्ज सादर होऊनही तिची भूमिका बदलली नाही. समर्थकांनी १९६९ च्या सुमारास विद्यापीठात झालेल्या एका पवित्र चिलीम विधीचा आधार घेतला. त्या वेळी स्टँडिंग रॉकच्या ज्येष्ठांनी हे नाव कायमचे बहाल केले, असे त्यांचे म्हणणे होते. त्या परंपरेत चिलीम विधीचे बंधन लिखित कराराहून हलके नसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु काही ज्येष्ठांचा विधी म्हणजे परिषदेचा ठराव नव्हे, आणि एका पिढीचे दान पुढील पिढ्यांना कितपत बांधते हाही प्रश्न उरतोच. मौखिक परंपरेचे प्रामाण्य आणि निर्वाचित संस्थेचे प्रामाण्य यांतील हा संघर्ष जमातीच्या अंतर्गत होता. बाहेरच्या विद्यापीठाने त्यात आपल्या सोयीची बाजू निवडणे हे सन्मानाच्या भाषेशी विसंगत होते.

न्यायालय, विधिमंडळ आणि मतपेटी

पुढील घडामोडी वेगाने घडल्या. मुदत संपण्याची वाट न पाहता मंडळाने नाव सोडण्याची तयारी केली. त्याविरुद्ध स्पिरिट लेक येथील काही समर्थक न्यायालयात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१० रोजी मंडळाच्या बाजूने निकाल दिला आणि नाव निवृत्त करण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र मार्च २०११ मध्ये राज्य विधिमंडळाने विद्यापीठाच्या संघाचे नाव 'फायटिंग सू' हेच राहील असा चक्क कायदा केला आणि राज्यपाल जॅक डॅलरिंपल यांनी त्यावर स्वाक्षरी केली. संघाचे टोपणनाव कायद्याच्या पुस्तकात जाण्याचा हा प्रसंग विलक्षण म्हणावा लागेल. एनसीएए आपल्या भूमिकेवरून हटली नाही. परिणामी स्पर्धांचे यजमानपद गमावण्याची आणि इतर विद्यापीठांनी सामने नाकारण्याची वेळ आली. नोव्हेंबर २०११ च्या विशेष अधिवेशनात विधिमंडळाने तो कायदा रद्द केला. समर्थकांनी सार्वमताच्या मागणीसाठी पुरेशा स्वाक्षऱ्या जमवल्या, त्यामुळे फेब्रुवारी २०१२ मध्ये रद्द झालेला कायदा तात्पुरता पुन्हा लागू झाला. मंडळाने त्याच्या घटनात्मकतेला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने मतदानापूर्वी हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

१२ जून २०१२ रोजी राज्यभर मतदान झाले. सुमारे ६७ टक्के मतदारांनी नाव सोडण्याच्या बाजूने कौल दिला. स्पिरिट लेक येथे नावाच्या बाजूने जी टक्केवारी होती, जवळपास तेवढीच येथे विरुद्ध बाजूस होती. या कौलाचा अर्थ मतदारांचे हृदयपरिवर्तन असा लावणे धाडसाचे ठरेल. प्रचाराचा भर अन्यायावर नव्हता. बंदीमुळे खेळाडूंचे होणारे नुकसान हाच त्यातील मुख्य मुद्दा होता. आपल्या संघाला घरच्या बर्फावर महत्त्वाचे सामने खेळता यावेत म्हणून लोकांनी नाव सोडले. योग्य निर्णय नेहमी योग्य कारणासाठीच होतो असे इतिहास सांगत नाही.

नावाविना, आणि नंतर

विधिमंडळाने घातलेल्या अटीनुसार जानेवारी २०१५ पर्यंत नवे नाव घेता येणार नव्हते. त्यामुळे तीन हंगाम संघ केवळ 'नॉर्थ डकोटा' या नावाने खेळला. राष्ट्रगीताच्या शेवटच्या शब्दाऐवजी 'सू' असे ओरडण्याची प्रेक्षकांची प्रथा मात्र चालूच राहिली. २०१५ मध्ये नव्या नावासाठी विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी, माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांचे मत घेण्यात आले. फायटिंग हॉक्स, नोडॅक्स, नॉर्थ स्टार्स, रफरायडर्स आणि सनडॉग्ज असे पाच पर्याय होते. काहीच नाव नको, हा अनेकांचा आवडता पर्याय मतपत्रिकेवर ठेवला गेला नाही. कोणालाही पहिल्या फेरीत बहुमत मिळाले नाही. अखेरच्या फेरीत 'रफरायडर्स'वर मात करून 'फायटिंग हॉक्स' निवडले गेले आणि १८ नोव्हेंबर २०१५ रोजी ते जाहीर झाले. 'फायटिंग' हे विशेषण तेवढे टिकले. ससाण्याच्या जातीचा हा पक्षी त्या प्रदेशात सर्वत्र आढळतो. त्याच्या संमतीचा प्रश्न अर्थातच आला नाही.

नाव गेल्यास संघाचे तेज जाईल, देणग्या आटतील, प्रेक्षक पाठ फिरवतील, ही भीती वर्षानुवर्षे घातली जात होती. ९ एप्रिल २०१६ रोजी टॅम्पा येथे हॉकी संघाने क्विनिपियाक विद्यापीठाचा ५-१ असा पराभव करून आठवे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या दिवशी गणवेशावर ना सू होते ना हॉक. केवळ राज्याचे नाव होते. दोन महिन्यांनी, जून २०१६ मध्ये, नवे बोधचिन्ह प्रसिद्ध झाले. एंगलस्टॅड यांच्या क्रीडागारात दगडात बसवलेली जुनी शिरोचित्रे मात्र, एनसीएएशी झालेल्या समझोत्यानुसार, मोठ्या प्रमाणात जागच्या जागी राहिली, आणि हॉक्स संघाचे प्रेक्षक त्यांच्यावरून चालत आपापल्या आसनांकडे जाऊ लागले.